स्नेह म्हणजे तेलसुद्धा

(घनसावंगी येथे दिवाळीच्या सुट्टीत झालेल्या, १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण)



संयोजकांनी माझ्या नावापुढे ‘संगणक आणि आपली मुलं’ असा विषय लिहिला होता. मी फोन करून म्हटलं, संगणकावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला तेलावर बोलू द्या. पलीकडून प्रश्न आला, “खायच्या का डोक्याच्या?” मी म्हटलं, “अंगाला लावायच्या. कोमट तेलाच्या.” थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, “बोल बाई, पण वीस मिनिटांत आटप.” तेव्हा वीस मिनिटांत आटपते.

हा विषय का, ते आधी सांगते. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो. ग्रुपवर शुभेच्छांच्या फुलांच्या मधून मधून काय येतं ते पाहा. झोप लागत नाही. मान आखडली. बीपीची गोळी सुरू झाली. शेतीवाल्यांना पावसाची आणि भावाची चिंता, नोकरीवाल्यांना हप्त्यांची आणि पोरांच्या प्रवेशाची. आणि त्याखाली कुणीतरी लगेच उपाय टाकतं: अमुक तेल लावा, तमुक धारा करून घ्या, मुळापासून बरं होईल. मी या सगळ्यातून गेले आहे. तेलाचा उपयोग किती आणि कुठपर्यंत, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यामुळे एक सवय लागली आहे. एखादी गोष्ट चालते म्हटलं, की ती कशी चालते आणि कुठे चालत नाही, हे दोन्ही बघायचं.

आपण आजच्या कार्यक्रमाला स्नेहमेळावा म्हणतो. आयुर्वेदात ‘स्नेह’ म्हणजे तेल, तूप, चरबी, मज्जा असे स्निग्ध पदार्थ. अंगाला तेल-तूप देण्याच्या क्रियेला स्नेहन म्हणतात, आणि माणसामाणसांतल्या ओलाव्यालाही आपण तोच शब्द वापरतो. मला वाटतं, ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना या दोन गोष्टी एकमेकींपासून फार लांब वाटत नसाव्यात.

तसं पाहिलं तर गरम तेल आपल्याला नवीन नाही. परवाच नरक चतुर्दशीला आपण सगळ्यांनी पहाटे तेल लावून घेतलं, उटणं लावलं. घरात बाळ जन्मलं की बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाई येते, ती आधी तेलानं रगडते. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि तूप नाहीतर तेल लावून मळायचा. ज्यानं ओझं वाहिलं, त्याचा खांदा मळायचा. स्नेहन म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी ग्रंथाआधी हे सांगेन.

ग्रंथही तेच सांगतात. चरकसंहितेत दिनचर्येच्या भागात तेल लावण्याला तीन उपमा दिल्या आहेत: तेल मुरवलेला घडा, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस. तेलामुळे जसे हे टिकतात, तसं शरीर टिकतं आणि कष्ट सोसतं. गाडीच्या आसाला वंगण घालताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे, काहींनी स्वतः घातलंही असेल. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज तेल लावायला सांगितलं आहे, आणि डोकं, कान व पाय यांना विशेष करून. त्याच ग्रंथात डोक्यावर तेल वापरण्याचे चार प्रकार दिले आहेत: चोळणं, धार धरणं, तेलात भिजवलेला कापूस ठेवणं आणि डोक्याभोवती चामड्याची कड बांधून त्यात तेल भरून ठेवणं. यातली धार म्हणजे आज सगळ्यांना माहीत असलेली शिरोधारा. तिची पद्धत सगळ्यात जास्त जोपासली गेली ती केरळात. १९०२ साली सुरू झालेल्या कोट्टक्कलच्या आर्य वैद्यशाळेसारख्या संस्थांमधून ती देशभर पोहोचली.

तेलात तेल म्हणाल तर ग्रंथांची पहिली पसंती तिळाला. गंमत म्हणजे, वनस्पतींच्या तेलांत चरकानं सर्वांत अहितकर म्हणून नाव घेतलं आहे ते करडईच्या तेलाचं, आणि आपला मराठवाडा तर पिढ्यानपिढ्या करडीवर वाढला! माझ्या आजीनं यावर परस्पर तोडगा काढलेला होता. फोडणीला करडी, अंगाला तीळ. तिला चरक कोण हे ठाऊक नव्हतं.

औषधी तेल करण्याची रीत शार्ङ्गधरानं अगदी मापात सांगितली आहे. वनस्पतींची चटणी, म्हणजे कल्क, एक भाग. तेल त्याच्या चौपट. आणि काढा किंवा दूध यांसारखा द्रव तेलाच्या चौपट. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवायचं. झालं की नाही हे कसं ओळखायचं? कल्काची बोटांनी वात वळली पाहिजे आणि ती विस्तवावर धरली तर तडतड होता कामा नये. तडतडली तर आत पाणी राहिलं. तेल सिद्ध होताना फेस येतो, तूप सिद्ध होताना फेस मावळतो. थर्मामीटर नसलेल्या काळात ही चाचणी लिहून ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. आम्ही आमच्या प्रोग्रामच्या चाचण्या इतक्या नेटक्या लिहीत नाही.

आता माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी माझी झोप मोडली. आमच्या टीमची अर्धी माणसं अमेरिकेत, त्यामुळे रात्री दहा-अकराला बैठका. अंग थकलेलं आणि डोकं जागं. मी आधी फिजिशियनकडे गेले. त्यांनी रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यांनी मला समुपदेशकाकडे पाठवलं. त्याच काळात पुण्यातल्या एका आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्यांकडे मी सात दिवस शिरोधारा घेतली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी डोक्याला, मानेला, खांद्यांना कोमट तेल चोळतात. मग लाकडी पाटावर उताणं झोपवतात आणि डोळ्यांवर कापसाची पट्टी ठेवतात. कपाळाच्या वर चार बोटांवर भांडं टांगलेलं असतं. त्याच्या तळाच्या छिद्रातून तेलाची बारीक, अखंड धार कपाळावर पडते, आणि ती एका भुवईकडून दुसरीकडे संथपणे फिरवत राहतात. असं तीस-चाळीस मिनिटं. तेल अंगाइतकंच उबदार असतं. कुणाला तेलाऐवजी ताकाची किंवा दुधाची धार देतात.

पहिल्या दिवशी मला दहा मिनिटं फक्त कामाच्या याद्या आठवत होत्या. मग कधीतरी त्या थांबल्या. डुलकी नव्हती आणि जागेपणही नव्हतं. विहिरीत उताणं तरंगताना कान पाण्याखाली गेले की जसं होतं, तसं काहीतरी. त्या सात रात्री मला चांगली झोप लागली. आठव्या दिवशी धारा संपली आणि रात्रीची बैठक पुन्हा सुरू झाली. आठवड्याभरात झोप पुन्हा पूर्वपदावर आली.

म्हणजे तेल खोटं होतं का? नाही. तेलानं जे करायचं ते केलं. दिवसातली पाऊण तास माझी मान, माझे डोळे आणि माझा फोन, तिघांनाही सुट्टी मिळाली. पण झोप कशानं मोडली होती, ते कारण तेलाच्या हातात नव्हतं. ते पुढे समुपदेशनातून, उठायची वेळ पक्की ठरवून, अंथरुणात लॅपटॉप न घेऊन आणि रात्रीच्या बैठका आठवड्यातून दोनवर आणून सुटलं. निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ साली गोळीआधी याच प्रकारच्या वर्तनोपचाराचं नाव घेतलं आहे.

संशोधन काय म्हणतं हेही मी शोधलं. एक अभ्यास वाचून तर मी उडालेच. जपानमधल्या संशोधकांनी शिरोधारेसाठी चक्क यंत्रमानव बनवला! कारण साधं आहे. माणूस धार धरणार, तर प्रत्येक वेळी वेग, उंची आणि तापमान थोडं वेगळं होणार. मग तुलना कशी करायची? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात सोळा निरोगी स्त्रिया होत्या, सरासरी वय एकोणचाळीस. म्हणजे जवळपास आपणच. काहींना साध्या तीळतेलाची धार, काहींना लॅव्हेंडरचा अर्क घातलेल्या तीळतेलाची, आणि काहींना नुसतंच उताणं पडून राहायला सांगितलं. लॅव्हेंडरच्या तेलाच्या धारेत चिंता कमी होण्याचा परिणाम ठळक दिसला आणि पायांच्या त्वचेचं तापमानही सर्वांत जास्त वाढलं. ताण असला की हातपाय गार पडतात. अंग सैल झालं की पायाकडे रक्त जातं.

अंगाच्या तेल-मालिशीवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस जणांना तासभर अभ्यंग दिलं. त्यांना जाणवणारा ताण त्यानंतर कमी झाला. आपल्याकडे २००० साली बाळांवर झालेला एक अभ्यास आहे. सव्वाशे बाळांचे गट करून वेगवेगळ्या तेलांनी चार आठवडे मालिश केली. त्यात तीळतेलाच्या गटाला वाढीत आणि मालिशीनंतरच्या झोपेत फायदा दिसला. आज्यांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, “एवढ्यासाठी अभ्यास?”

पण आकडे नीट ऐका. सोळा माणसं, वीस माणसं. नवीन ॲप आम्ही सोळा जणांवर तपासून लाखो लोकांना देत नाही. या अभ्यासांतून एवढंच म्हणता येतं, की कोमट तेल आणि संथ स्पर्श यांनी ताण काही काळ उतरतो. रक्तदाब, मधुमेह किंवा नैराश्य बरं होतं, असं यातून म्हणता येत नाही.

ताण का उतरतो, तेही थोडक्यात सांगते. आपल्या त्वचेत, विशेषतः पाठ, हात आणि चेहरा इथे, काही मज्जातंतू असे आहेत, की त्यांना संथ आणि उबदार स्पर्शच कळतो. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगानं, अंगाइतक्या उबदार हातानं कुणी कुरवाळलं, की ते सर्वांत जास्त जागे होतात. त्याहून घाईत चोळलं किंवा गार हात लावला, तर त्यांचा प्रतिसाद कमी होतो. तेलामुळे हात अडखळत नाही आणि ऊब टिकते. तेल हाडापर्यंत मुरतं असं आपण म्हणतो, पण ते बहुतेक त्वचेच्या वरच्या थरातच राहतं. आतपर्यंत पोचतो तो स्पर्श. आई बाळाला थोपटते तो वेग मोजून पाहा, याच हिशेबात बसतो.

आता एक कडू गोष्ट. काशाची वाटी आपल्या घरोघर होती. तळपायाला तूप किंवा तेल लावून वाटीनं घासायचं, की झोप छान लागते. ते मीही करते. आता त्याच काशाची थाळी बसवलेली विजेची यंत्रं गावोगाव आली आहेत. पाय ठेवा, दहा मिनिटांत तळवा काळा पडतो, आणि चालवणारा सांगतो, बघा, अंगातली उष्णता आणि विष बाहेर पडलं. मंडळी, काशात तांबं आणि कथील असतं. ते घासलं जाऊन तेलात मिसळतं आणि काळं दिसतं. पाय न ठेवता तेलाचं कापड घासलं तरी ते काळं होईल. पाय दाबून घ्यायचे तर खुशाल घ्या. पण माझ्या ओळखीच्या एका काकांनी अशाच एका यंत्राच्या भरवशावर साखरेची गोळी सोडली, आणि दोन महिन्यांत पायाच्या जखमेसाठी त्यांना जालन्याला भरती करावं लागलं. पाय वाचला, पण दोन बोटं गेली. मधुमेहात तळपाय बधिर होतात. तेल किती गरम आहे हेही कळत नाही.

म्हणून थोडे नियम सांगते. तेल थेट विस्तवावर नको, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा आणि आधी आपल्या मनगटावर बघा. ताप, अपचन, जखम किंवा पुरळ असेल तर लावू नका. एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायची. आत रक्ताची गाठ असू शकते. गरोदर बाईनं आधी विचारून घ्यावं. बाळाच्या कानात, नाकात तेल घालू नये. न्हाणीघरात तेलकट फरशीवर म्हातारी माणसं घसरतात, तिथे आधी पोतं टाका. धारा, बस्ती असले उपचार पदवीधर वैद्यांकडेच करा. नांदेडला, धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, त्यासाठी महागड्या रिसॉर्टला जायची गरज नाही. आणि कोणतीही चालू गोळी तेलाच्या नावावर बंद करू नका.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं, अशी कुणाची अवस्था असेल तर ते तेलाचं काम नाही. टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. हा नंबर आत्ता फोनमध्ये टाका, मी थांबते. आपल्या भागात शेतकऱ्यांच्या घरात काय काय झालं आहे ते इथे कुणाला सांगायची गरज नाही. या सभागृहात आज काही खुर्च्या त्यामुळेच रिकाम्या आहेत.

शेवटचं. आमच्या गल्लीत न्हाऊ घालणाऱ्या मावशी होत्या. माझा, माझ्या भावाचा आणि इथे बसलेल्या निदान चौघांचा पहिला तेलाचा हात त्यांचाच. तीस-पस्तीस वर्षं पहाटे उठून त्या घरोघर गेल्या. गेल्या वर्षी गावी आले तेव्हा त्यांना भेटले. हात वाकडे झालेत, गुडघे धरलेत. मी विचारलं, “मावशी, तुम्हाला कोण तेल लावतं?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मला कोन लावतंय माय? दुसऱ्याला लावताना हाताला लागायचं, तेवढंच माझं.”

त्या वाक्यानं मला जे समजलं ते शिरोधारेच्या पाटावर समजलं नव्हतं. तेल स्वस्त आहे, तीळ आपल्याच मातीत येतो. महाग आहे तो दुसऱ्याचा अर्धा तास. आणि हा अर्धा तास आपल्या घरांत एकाच दिशेनं जातो: आईकडून लेकराकडे, सुनेकडून सासऱ्याकडे, बायकोकडून नवऱ्याकडे. उलट दिशेनं फारसा येत नाही. बैलाला वर्षातून एक संध्याकाळ तरी ठरलेली आहे. घरातल्या बाईला कोणती आहे?

म्हणून वर्गमित्रांनो, आता हे मुद्दाम तुम्हा पुरुषांना सांगते आहे. जेवण झाल्यावर घरी जाल तेव्हा वाटीभर तीळतेल कोमट करा. आई असेल तर आईचे, नसेल तर बायकोचे तळपाय घ्या आणि वीस मिनिटं संथ चोळा. फोन दुसऱ्या खोलीत. ती म्हणेल, “काय झालंय तुम्हाला आज?” म्हणू द्या. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा विचारणार नाही. आणि मैत्रिणींनो, तुम्ही नको नको म्हणून पाय आखडून घेऊ नका. घ्यायलाही शिकावं लागतं, मला चाळिशीत शिकावं लागलं.

त्या मावशींना मी उद्या सकाळी तेल लावायला जाणार आहे. ज्यांना त्यांनी न्हाऊ घातलंय त्यांनी यावं. आणि नुसतं तेल लावून भागणार नाही, त्यांचे गुडघे डॉक्टरांना दाखवायला जालन्याला न्यायचं आहे. गाडी माझी आहे, दोघांची जागा रिकामी आहे.

 वीस मिनिटांची पंचवीस झाली, संयोजकांनी माफ करावं.